लिपी सर्वांची, अक्षरवळण कोणाचे?

उत्तर भारतातील लिपिकपदाच्या भरतीची एखादी जाहिरात पाहावी. हिंदी टंकलेखनाचा वेग किती हवा, या अटीच्या शेजारीच बहुधा आणखी एक अट आढळते : चाचणी ‘मंगल’ किंवा ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये घेतली जाईल. ही दोन नावे परीक्षार्थींना पाठ असतात. परंतु ‘मंगल’ची अक्षरे मुंबईचे सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रेखाटली, हे त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर हा फॉन्ट देशभर पोहोचला आणि सरकारी कागदपत्रांचा चेहरा बनला.

कवीची कविता, चित्रकाराचे चित्र, संगीतकाराची चाल यांना कायदा निर्मात्याची संपदा मानतो. अक्षरांचे नवे वळण घडवणाऱ्याला आपला कायदा काय देतो? याचे प्रामाणिक उत्तर असे की, तो अक्षरांच्या आकाराला जवळजवळ काहीच देत नाही. मात्र तो आकार ज्या संगणकीय फाईलमध्ये साठवलेला असतो, त्या फाईलला भरपूर संरक्षण देतो. ही विसंगती कोणी विचारपूर्वक निर्माण केलेली नाही. धातूच्या खिळ्यांच्या काळात जो प्रश्न फारसा पडत नव्हता, तो संगणकाच्या काळात अनुत्तरित राहिला, एवढेच. बावीस अनुसूचित भाषा आणि डझनभर लिपी असलेल्या देशाला ही उपेक्षा परवडणारी नाही.

चेहरा आणि फाईल

प्रथम दोन शब्दांतील फरक स्पष्ट करायला हवा. टाइपफेस म्हणजे अक्षरवळण : रेषांची जाडी, गोलाईचा घाट, शिरोरेषेची उंची, मात्रा आणि वेलांट्यांचे परस्परांशी प्रमाण, या सर्वांतून उमटणारे एका अक्षरमालेचे एकसंध रूप. फॉन्ट म्हणजे ते रूप पडद्यावर किंवा कागदावर उमटवणारे साधन. पूर्वी हे साधन शिशाच्या खिळ्यांचे असे, नंतर ते फिल्मवर आले आणि आता ते संगणकीय फाईलच्या स्वरूपात असते. व्यवहारात आपण दोहोंना ‘फॉन्ट’च म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन गोष्टींचे भवितव्य पूर्णतः निरनिराळे आहे.

भारतीय लिपींत या कामाचा आवाका मोठा असतो. रोमन लिपीचा साधा फॉन्ट मोठी व लहान अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून उभा राहतो. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी रूपे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या घडवाव्या लागतात. शिवाय कोणती मात्रा कोणत्या अक्षरावर नेमकी कोठे बसेल, रफार कोठे सरकेल, ‘ट्ट’ किंवा ‘द्ध’ कसा जुळेल, याचे नियम फाईलमध्ये लिहावे लागतात. एका वळणाच्या बारीक, मध्यम आणि ठळक अशा आवृत्त्या केल्या की हे काम अनेक महिन्यांचे, कधी वर्षांचे होते. याउलट त्याची नक्कल करणे अत्यंत सोपे आहे.

हे असंतुलन पूर्वी इतके तीव्र नव्हते. चार्ल्स विल्किन्स आणि पंचानन कर्मकार यांनी घडवलेल्या बंगाली खिळ्यांनी १७७८ मध्ये हुगळी येथे हॅलहेडचे बंगाली व्याकरण छापले गेले. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी छपाईत आपल्या खिळ्यांचा दबदबा निर्माण केला. त्या काळात पोलादी ठसे कोरणारा कारागीर, साचे, ओतशाळा आणि भांडवल यांशिवाय अक्षरे बनतच नसत. एकोणिसाव्या शतकात विद्युत्‌विलेपनाने दुसऱ्याच्या खिळ्यांवरून साचे तयार करण्याची युक्ती निघाली आणि चोरीच्या तक्रारीही सुरू झाल्या; तरीही यंत्रसामग्रीचा खर्च हेच मूळ निर्मात्याचे मोठे संरक्षण होते. फोटोटाइपसेटिंग आल्यावर ते ढासळले आणि संगणकाने ते पूर्णपणे नाहीसे केले.

भारतीय कायद्यातील पोकळी

आपला स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आणि डिझाइन कायदा २००० चा. दोन्ही कायद्यांच्या मजकुरात ‘टाइपफेस’ हा शब्द नाही. त्यामुळे अक्षररचनाकाराला तीन दरवाजे ठोठवावे लागतात.

पहिला दरवाजा ‘कलाकृती’चा. कलम २(क) मध्ये चित्र, शिल्प, रेखाटन, छायाचित्र, वास्तू आणि कलात्मक कारागिरी यांचा समावेश आहे. अक्षरमाला हे रेखाटनच नव्हे काय? ‘आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स’ या प्रकरणात कॉपीराइट मंडळाने अक्षरवळणाला कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली. मंडळाचा हा पवित्रा बाजूला ठेवला तरी कलम १५ आडवे येतेच. डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगी, पण न नोंदलेली रचना औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरली की तिचा स्वामित्वहक्क संपतो. ‘क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कलाकृती आणि डिझाइन यांतील सीमारेषा ठरवण्यासाठी दोन टप्प्यांची कसोटी दिली. त्यात कृतीचे प्रधान प्रयोजन कलात्मक आहे की उपयुक्ततेचे, हा प्रश्न निर्णायक ठरू शकतो. वाचले जाणे हेच ज्याचे प्रयोजन, त्या अक्षरवळणाची या कसोटीवर परवड होण्याचीच शक्यता अधिक.

दुसरा दरवाजा डिझाइन कायद्याचा. येथे नोंदणी झाली तर दहा आणि वाढवून पाच, असे एकूण पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. परंतु डिझाइन एखाद्या ‘वस्तू’वर उतरलेले असावे लागते. शिशाचा खिळा ही वस्तू होती. संगणकातील फाईल ही वस्तू आहे काय? संगणकाच्या पडद्यावरील दृश्यरचनांबाबत हाच वाद झाला. डिझाइन कार्यालयाने त्यांना नोंदणी नाकारली, तेव्हा २०२३ मध्ये ‘यूएसटी ग्लोबल’ प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून फेरविचाराचा आदेश दिला. विशेष म्हणजे, भारत २०१९ मध्ये ज्या लोकार्नो करारात सामील झाला, त्यातील डिझाइनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘टाइप आणि टाइपफेस’ असा स्वतंत्र उपवर्ग आहे. पण वर्गीकरण म्हणजे हक्क नव्हे. कपाटात कप्पा आहे, त्यात काय ठेवता येईल हे मात्र ठरलेले नाही.

तिसरा दरवाजा उघडा आहे. संगणकीय प्रोग्राम हे आपल्या कायद्यात ‘साहित्यकृती’ मानले जातात. फॉन्टची फाईल प्रोग्राम ठरली की तिला निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण मिळते. परिणाम विचित्र होतो. एखाद्याने फाईल जशीच्या तशी विकली तर तो चोर ठरतो. त्याने तीच अक्षरे मोठ्या आकारात छापून, त्यांच्या कडा गिरवून नवी फाईल बनवली, तर त्याला रोखण्यासाठी मूळ रचनाकाराकडे भक्कम असे काहीच उरत नाही. म्हणजे रचनाकाराच्या खऱ्या निर्मितीला, आकाराला, शून्य वर्षे आणि तिच्या वेष्टनाला दोन पिढ्या.

जगाने शोधलेली उत्तरे

हा गोंधळ केवळ आपला नाही. अमेरिकेने १८४२ मध्ये डिझाइन पेटंटची पद्धत सुरू केली, तेव्हा पहिलेच डिझाइन पेटंट न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस यांना छपाईच्या टाइपसाठी मिळाले. त्याच अमेरिकेने अक्षरवळणाला स्वामित्वहक्क मात्र सातत्याने नाकारला. १९७६ चा कायदा करताना काँग्रेसने हा प्रश्न जाणीवपूर्वक पुढे ढकलला आणि १९७८ मध्ये ‘एल्ट्रा विरुद्ध रिंगर’ प्रकरणात अपील न्यायालयाने नोंदणीचा नकार उचलून धरला. अक्षरे ही सर्वांच्या वापराची साधने आहेत आणि त्यांच्या आकारावर मक्तेदारी दिली तर छपाईच अडचणीत येईल, ही त्यामागील भीती. पुढे १९९८ मध्ये अडोबीच्या खटल्यात कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने फॉन्टच्या फाईलला मात्र संरक्षण दिले. बाह्यरेषेवरील नियंत्रक बिंदू कोठे ठेवायचे, या निवडीत सर्जनशीलता असते, असे न्यायालयाने मानले. आपल्या कायद्याची आजची स्थिती या अमेरिकी तडजोडीशी जुळते. फरक एवढाच की अमेरिकेत डिझाइन पेटंटचा स्पष्ट पर्याय शिल्लक आहे.

ब्रिटनचा मार्ग वेगळा. १९८८ च्या कायद्याने अक्षरवळणाला कलाकृती मानले, पण त्याच वेळी वापरकर्त्यांना अभय दिले. कलम ५४ नुसार टंकलेखन, अक्षरजुळणी किंवा छपाईच्या नेहमीच्या कामात एखादे वळण वापरणे हा हक्कभंग नाही; ते वळण उमटवण्याची साधने बनवणारा, विकणारा वा आयात करणारा मात्र जबाबदार ठरू शकतो. कलम ५५ ने मुदतही आवरली : अशी साधने प्रथम बाजारात आल्यापासून पंचवीस वर्षांनंतर त्यांची नक्कल मुक्त होते. युरोपीय संघाच्या डिझाइन कायद्यात ‘टंकलेखी अक्षरवळणे’ हा शब्दप्रयोगच उत्पादनाच्या व्याख्येत घातला आहे. नोंदणीकृत रचनेला तेथे पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी कमाल पंचवीस वर्षे आणि अनोंदणीकृत रचनेला तीन वर्षे संरक्षण मिळते.

आशियातील अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तेथेही अक्षरसंख्या मोठी आहे. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००० मध्ये ‘गोना यू’ या वळणाच्या वादात सामान्य टाइपफेसला स्वामित्वहक्क नाकारला. त्याला हक्क दिला तर प्रत्येक छापील मजकुरावर अक्षरकाराचे नाव द्यावे लागेल, परवानग्या घ्याव्या लागतील आणि किरकोळ फरकांवरून हक्कांची गुंतागुंत माजेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. चीनमध्ये फाउंडर या फॉन्टनिर्मात्या कंपनीने प्रॉक्टर अँड गॅम्बलवर शाम्पूच्या वेष्टनावरील दोन अक्षरांवरून दावा केला होता. २०११ मध्ये बीजिंगच्या अपील न्यायालयाने तो फेटाळताना म्हटले की, फॉन्ट विकत घेऊन वेष्टनाची रचना करणाऱ्याला त्या अक्षरांच्या व्यापारी वापराची गर्भित परवानगी असते. दक्षिण कोरियाने तिसरी वाट धरली. तेथील न्यायालयाने स्वामित्वहक्क नाकारल्यावर संसदेने डिझाइन कायदा दुरुस्त केला आणि अक्षरवळणांना त्यात जागा दिली.

या सर्वांना एका सूत्रात बांधण्याचा प्रयत्न १२ जून १९७३ रोजी व्हिएन्ना येथे झाला. टाइपफेसच्या संरक्षणाचा आणि आंतरराष्ट्रीय नोंदणीचा करार तेथे संमत झाला. तो अमलात येण्यास पाच देशांचे अनुसमर्थन हवे होते. अर्धे शतक उलटूनही तेवढे देश पुढे आले नाहीत. त्याच शहरात त्याच दिवशी व्यापारचिन्हांतील आकृत्यांच्या वर्गीकरणाचा करारही झाला. तो रुजला आणि २०१९ मध्ये भारतही त्यात सामील झाला. आकृत्यांच्या वर्गीकरणावर एकमत होणे सोपे होते, आकारांच्या मालकीवर ते झाले नाही. बौद्धिक संपदेच्या जागतिक व्यापार कराराने औद्योगिक डिझाइनांना किमान दहा वर्षांचे संरक्षण बंधनकारक केले, पण टाइपफेसचा स्वतंत्र उल्लेख त्यातही नाही. म्हणजेच निर्णयाचे स्वातंत्र्य भारताकडे आहे.

आपला प्रश्न वेगळा का?

युरोपात फॉन्टची नक्कल हा मुख्यतः व्यापारी अप्रामाणिकपणाचा प्रश्न राहिला. भारतात दीर्घकाळ ती गरज होती. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरीची अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. कृतिदेवमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ असतो. त्यामुळे त्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तोच फॉन्ट तेथे नसला, तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. पत्र वाचायचे असेल तर पत्रासोबत फॉन्टही पाठवणे भाग होते. मजकूर आणि वळण एकमेकांत अशा रीतीने गुंतले होते की, फॉन्टवरील मक्तेदारी ही प्रत्यक्षात लेखनावरील मक्तेदारी झाली असती.

युनिकोडने हा गुंता सोडवला. भारतीय मानकाच्या आधारे त्यात आपल्या लिपींना कायमचे संकेतांक मिळाले; आता मजकूर कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये वाचता येतो. लिपी सार्वजनिक आणि वळण ऐच्छिक, अशी स्वच्छ फारकत झाली. म्हणूनच वळणाला मर्यादित संरक्षण देणे आज शक्य आहे. तीस वर्षांपूर्वी ते धोक्याचे ठरले असते. तरीही भरतीच्या जाहिराती फॉन्टची नावे सांगत राहतात, याचा अर्थ प्रशासनाच्या मनात ही फारकत अद्याप झालेली नाही.

दुसरे वेगळेपण बाजारपेठेचे. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ यांना जाहिरातदार आणि प्रकाशक आहेत. संथालीची ओल चिकी किंवा मणिपुरीची मैतेई मयेक यांना तसा बाजार नाही. या लिपी युनिकोडमध्ये अनुक्रमे २००८ आणि २००९ मध्ये आल्या, पण संकेतांक मिळाला म्हणून सुबक, वाचनीय, पाठ्यपुस्तकाला शोभणारी वळणे आपोआप निर्माण होत नाहीत. तेथे कायदेशीर हक्क कितीही भक्कम केला तरी विकत घेणारा नसेल, तर रचनाकाराच्या हाती काही पडणार नाही. त्या लिपींना सार्वजनिक पैसाच लागेल.

मुक्त परवान्यांचा अनुभव याबाबत आश्वासक आहे. केरळातील ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवी गटाने मलयाळमचे फॉन्ट सर्वांना खुले केले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही वळणे अनेक भारतीय लिपींत मुक्त परवान्याखाली दिली. आज ती देशभरातील फलकांवर आणि मोबाइलच्या पडद्यांवर दिसतात. पण मुक्त परवान्याचा आधारही हक्कच असतो. जे आपले आहे तेच मनुष्य अटी घालून इतरांना देऊ शकतो. आकारावर हक्कच नसेल, तर मुक्त फॉन्टचे वळण गिरवून ते बंदिस्त नावाने विकणाऱ्यालाही अडवता येत नाही.

मर्यादित हक्क, नि:संदिग्ध अभय

म्हणून भारताने स्वामित्वहक्काचा दीर्घ मार्ग टाळून डिझाइन कायद्याचा मार्ग स्वीकारावा. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. एक, अक्षरवळण धातूत असो, फिल्मवर असो वा फाईलमध्ये, ते नोंदणीयोग्य आहे असे कायद्यातच म्हणावे. मुदत सध्याची पंधरा वर्षेच ठेवावी. दोन, लिपीची परंपरागत रूपे या हक्काबाहेर राहतील, हे स्पष्ट करावे. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’, किंवा मुंबई आणि कलकत्ता वळणांतील ‘अ’ची भिन्न रूपे ही समाजाची ठेव आहे, नोंदणी संपूर्ण अक्षरमालेच्या नव्या घाटाचीच व्हावी. तीन, ब्रिटनप्रमाणे वाचक, टंकलेखक, मुद्रक, प्रकाशक आणि शाळा यांना नि:संदिग्ध अभय द्यावे. नक्कल केलेला फॉन्ट बनवणारा आणि विकणारा एवढेच जबाबदार ठरावेत. चार, सरकारी पैशाने घडलेला प्रत्येक फॉन्ट मुक्त परवान्याखाली यावा आणि परीक्षा, न्यायालये व पाठ्यपुस्तके यांसाठी विशिष्ट फॉन्टऐवजी युनिकोडचीच अट असावी.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. नोंदणीचा आणि खटल्यांचा खर्च लहान रचनाकारांना झेपत नाही. शेकडो फॉन्ट बाळगणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्याच या हक्काचा लाभ घेतील आणि भारतीय लिपींतील नोंदण्यांचा ढीग रचतील. हा आक्षेप खोटा नाही. युरोपातही मोठ्या कंपन्यांनाच अशा नोंदण्या सहज परवडतात. मात्र डिझाइन कायद्यात नावीन्याची अट असते, त्यामुळे आज प्रचलित असलेली वळणे नव्याने कोणाला बळकावता येणार नाहीत. आणि व्यक्ती व लघुउद्योगांना डिझाइन नोंदणीत सवलतीचे शुल्क आधीपासूनच आहे. उरलेली भीती वास्तव आहे आणि म्हणूनच मुदत छोटी हवी, अभय मोठे हवे. पण हक्कच न देण्याने लहानांचे रक्षण होत नाही. आज मोठ्या कंपन्या करारनामे, व्यापारचिन्हे आणि वकील यांच्या बळावर आपले फॉन्ट राखतातच. ‘हेल्व्हेटिका’चे नाव व्यापारचिन्हाने सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी वळणे बाजारात निराळ्या नावांनी आली, तरी त्या नावाची किंमत टिकली. ज्याच्याकडे नाव नाही, वकील नाही, केवळ घडवलेली अक्षरे आहेत, त्याच्याकडेच आजच्या कायद्यात काही नाही.

डिझाइन कायद्यातील ‘वस्तू’ म्हणजे काय, हा प्रश्न पडद्यावरील दृश्यरचनांमुळे न्यायालयापर्यंत गेलाच आहे. त्याचे उत्तर संसदेला किंवा उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाला आज ना उद्या द्यावे लागेल. त्या दुरुस्तीच्या मसुद्यात ‘अक्षरवळण’ हा एक शब्द आणि वापरकर्त्यांच्या अभयाचे एक कलम घालण्यास वेगळा कायदा, वेगळा आयोग वा वेगळा करार लागणार नाही. मसुद्यावर हरकती व सूचना मागवताना ओल चिकी आणि मैतेई मयेकमध्ये शिकवणाऱ्या शिक्षकांनाही बोलवावे. त्यांच्या वर्गात कोणते फॉन्ट चालतात आणि कोणते नाहीत, हे दिल्लीतील कोणत्याही कार्यालयापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे.